गाडीच्या सीटा धुवायचं मशीन घेताना: पाणी मारणारं नको, ओढणारं बघा

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोंडावर मी एक उद्योग करून बसलो. खांदशेकणीच्या सकाळी गावातले बैल धुवायला निघाले होते आणि मी अंगणात गाडी काढली. बाहेरून सगळेच धुतात, मी आतूनही धुतली. बादलीभर धुण्याच्या पावडरचा फेस, कपड्यांचा ब्रश आणि वरून बोअरच्या पाइपाचं पाणी. सीटा अशा उजळल्या की बायकोनं शेजारणीला बोलावून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी झड लागली. चौथ्या दिवशी दार उघडलं तर आत ओल्या गोणपाटाचा वास. आठव्या दिवशी सीटबेल्टवर पांढरी बुरशी आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा. मेकॅनिकनं पायाखालचं कार्पेट उचललं, त्याच्या खालचा नमदा दोन बोटांनी दाबला, आणि काळं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं. "भाऊ," तो म्हणाला, "पानी मारनं सोपं हाय. काढनं कठीन."

पुढे मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा मी एवढं एकच वाक्य धरून बसलो आणि त्यानं मला दोन चुकीच्या खरेद्यांपासून वाचवलं. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. काळी माती, खारं पाणी आणि संध्याकाळी मान टाकणारी लाइट, या तिन्हींचा हिशेब शहरातल्या दुकानदाराच्या डोक्यात नसतो. तो आपल्यालाच करावा लागतो.

पहिली पायरी: मशीन लागतं तरी का?

आधी सीटेवर हात फिरवा. रेक्झिन असेल, आणि गावाकडच्या कित्येक जीपगाड्यांत ते असतंच, तर हा लेख इथंच सोडा. रेक्झिनला ओलं फडकं, थोडा पातळ साबण आणि शिवणीत फिरवायला जुना दात घासायचा ब्रश पुरतो. खाली रबराची चटई असेल तर ती काढून अंगणात आपटा. मशीन लागतं ते कापडी सीटेला, दरवाज्याच्या आतल्या कापडाला, छताला आणि खालच्या कार्पेटला.

मग घाण कसली आहे ते बघा. आमच्याकडची निम्मी घाण म्हणजे काळी माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचा चिकण खनिज असतो. पाणी मिळालं की तो फुगतो, वाळला की आकसतो. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. हीच माती कार्पेटच्या धाग्यांत बसलेली असताना तुम्ही पाणी मारलं की ती फुगून धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. म्हणून चिखलाचे पाय गाडीत आले तर हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, खराट्याच्या काडीनं नाहीतर कडक ब्रशनं फोडा, मग कोरडंच ओढून घ्या. मातीचं पाऊण काम पाण्याशिवाय होतं.

गाडगेबाबांच्या मुलखात हे सांगावं लागू नये खरं तर. योगायोग असा की शेंडगावात बाबा जन्मले त्याच १८७६ साली तिकडे अमेरिकेत मेल्विल बिसेल नावाच्या माणसानं गालिचा झाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाची कंपनी आज सोफा आणि सीटा धुवायची छोटी मशीनं विकते. पण तिचीही सुरुवात झाडण्यापासूनच झाली.

दुसरी पायरी: कोणत्या जातीचं मशीन?

दुकानात चार जातींची मशीनं एकाच फळीवर ठेवलेली असतात आणि चारही 'कार क्लीनर' म्हणून विकली जातात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे गाडीच्या सिगारेट सॉकेटमध्ये लावायचा १२ व्होल्टचा हातातला व्हॅक्यूम. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा. १५ गुणिले १२ म्हणजे १८० वॅट, याच्या वर काही मिळणं शक्यच नाही. बिस्किटाचा चुरा, तिकिटाचे कपटे, फार तर कापसाचा पिंजलेला धागा एवढं तो ओढतो. त्याच्याकडून काळ्या मातीची अपेक्षा ठेवू नका आणि ओल्याला तर तो लावूच नका.

दुसरी जात वाफेच्या मशीनची. वास मारायला, गिअरच्या खाचेतला चिकटा सोडवायला वाफ चांगली. पण हे मशीन पाणी आत घालतं, बाहेर काढत नाही. शिवाय आमच्या पाण्यानं त्याच्या बॉयलरमध्ये चुन्याचा थर धरतो. मी ते पहिल्या फेरीतच बाद केलं.

तिसरं वेट अँड ड्राय व्हॅक्यूम. ड्रमसारखं, १५-२० लिटरचं, सुकंही ओढतं आणि ओलंही. पाणी मात्र ते स्वतः मारत नाही. ते आपण कुंड्यांच्या छोट्या हातपंपानं मारायचं.

चौथं स्प्रे-एक्सट्रॅक्शन मशीन, दुकानात त्याला 'स्पॉट क्लीनर' नाहीतर 'सोफा क्लीनर' म्हणतात. त्याला दोन टाक्या असतात, चांगल्या पाण्याची वेगळी आणि घाण पाण्याची वेगळी. खटका दाबला की तोंडातून साबणाचं पाणी फवारतं आणि त्याच तोंडातून लगेच परत ओढलं जातं. कापडी सीटेसाठी बनलेलं खरं मशीन हेच. पण सुकी माती ओढायला ते चालत नाही, तिचा आत चिखल होतो आणि नळी तुंबते.

माझं मत विचाराल तर एक गाडी आणि वर्षातून दोनदा धुणं असेल तर वेट अँड ड्राय घ्या. पाच ते दहा हजारांत चांगलं येतं, आणि सीटा सोडून घरातही दहा कामं करतं. कूलरची टाकी उपसायची तर आमचं तेच लागतं. घरात लहान मुलं असतील, चिखलदऱ्याचा घाट चढताना हमखास उलटी होत असेल, किंवा गाडी लग्नसराईत भाड्यानं जात असेल, तर स्पॉट क्लीनरचे जास्तीचे पैसे वसूल होतात. केर्चरच्या पुझ्झी १०/१ सारखी धंद्याची मशीनं असतात, १० लिटर चांगल्या आणि ९ लिटर घाण पाण्याच्या टाकीची. ती वॉशिंग सेंटर टाकणाऱ्यानं घ्यावी. घरच्यासाठी दीड-दोन लिटरची टाकी बरी. ती सारखी भरावी लागते हे खरं, पण प्रत्येक वेळी घाण पाणी डोळ्यांनी दिसतं आणि कधी थांबायचं ते कळतं.

प्रेशर वॉशरचं नाव मुद्दाम घेतलं नाही. तो बाहेरच्या चिखलासाठी. तो घेऊन दाराच्या आत पाऊल टाकू नका.

तिसरी पायरी: खोक्यावरचे आकडे वाचणं

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वॅट छापलेले असतात. वॅट म्हणजे मशीन लाइट किती खातं. ओढतं किती, ते त्यातून कळत नाही. कास्तकाराला हे समजावून सांगायची गरज नाही. विहिरीवर पंप बसवताना आपण नुसता एचपी विचारतो का? हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवतो, ते विचारतो; डिस्चार्ज, म्हणजे किती पाणी फेकतो, ते विचारतो. इथंही तेच.

ओढण्याची ताकद किलोपास्कल किंवा मिलिबारमध्ये लिहिलेली असते, ते हेड समजा. २० किलोपास्कल म्हणजेच २०० मिलिबार, म्हणजे नळीतून पाणी साधारण २ मीटर वर उचलण्याइतका जोर. सेकंदाला किती लिटर हवा ओढतो, तो डिस्चार्ज. सुक्या मातीला डिस्चार्ज लागतो. फोमच्या पोटात गेलेलं पाणी काढायला हेड लागतं. वेट अँड ड्राय घेताना २० किलोपास्कलच्या आसपास नसेल तर पुढचं खोकं बघा.

स्पॉट क्लीनर तीन-चारशे वॅटचंही असतं आणि तरी काम करतं, कारण त्याचं तोंड अरुंद असतं आणि कापडाला घट्ट चिकटतं. तेव्हा या दोन जातींचे वॅट एकमेकांशी ताडून बघू नका.

तोंडाचं म्हणाल तर ते पारदर्शकच हवं. आतून पाणी धावताना दिसतं, मग नुसते बुडबुडे, मग काहीच नाही. काहीच नाही म्हणजे तो पट्टा झाला. काळ्या प्लास्टिकचं तोंड असलेलं मशीन वापरणं म्हणजे डोळे बांधून दूध काढणं.

चौथी पायरी: लाइट

मशीनच्या पत्र्यावर २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं आहे का ते आधी बघा. कुणाच्या पोरानं अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं मशीन आपल्या सॉकेटला लावलं की जळलंच.

रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं की आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज बसतं. १८० व्होल्टवर वाफेच्या मशीनची कॉइल २३० च्या मानानं ६१ टक्केच तापते. व्हॅक्यूमची मोटरही सुस्तावते, आवाज जाडसर येतो आणि ओढ कमी होते. अशा वेळी सीट धुऊ नका. पाणी मारायला व्होल्टेज लागत नाही, काढायला लागतं. मी सकाळी ७ ते १० ची वेळ धरतो.

घरचा इन्व्हर्टर ८५०-९०० व्हीएचा असेल तर हजार वॅटचं मशीन त्यावर लावायचा मोह टाळा. धुणं अर्ध्यात आलं आणि लाइट गेली तर सुकी टॉवेलं दाबून दाबून पाणी टिपून घ्या. टॉवेलं आधीच जवळ ठेवा.

अंगणापर्यंत वायर न्यायची असेल तर मंडपवाल्याकडची पातळ वायर नको. हजार-बाराशे वॅटला १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, त्याच्या वर गेलात तर २.५ ची, आणि रीळ पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. ओलं काम आहे, म्हणून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन वाळून आकसली की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, हे जुने वायरमन सांगत, ते खरंच आहे. मीटरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर फार उत्तम. पायात रबराची चप्पल हवीच.

पाचवी पायरी: पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी सीटेवर मारलं तर सीट वाळल्यावर पांढरी गोल कड उमटते. डाग गेला, मीठ राहिलं. वर तेच पाणी स्पॉट क्लीनरच्या बारीक नोझलमध्ये चुना धरतं आणि फवारा तिरका जायला लागतो. गावातल्या आरओचा २० लिटरचा एक जार आणला की पाच सीटांची गाडी आरामात होते. एका सीटेला मला लिटर-सव्वा लिटर लागतं. पावसाचं पन्हळीचं पाणी गाळून साठवलं असेल तर त्याहून छान.

कोमट पाणी चांगलं चालतं. उकळतं टाकू नका, टाकी वाकते आणि रबरी सील जातात. मशीनच्या पुस्तकात कमाल तापमान दिलेलं असतं. मे महिन्यात जार तासभर उन्हात ठेवला तरी पुरतं.

सहावी पायरी: दुकानात करायची परीक्षा

दुकानात जाताना जुन्या सोफ्याचा फूटभर फोम, त्यावर तसंच कापड गुंडाळून, आणि पाव लिटरचं माप पिशवीत टाका. दोन मापं पाणी त्या फोमवर ओता आणि मशीनला ओढायला सांगा. मग टाकीतलं पाणी मापानं मोजा. माझं मशीन लिटरभर पाण्यातलं ७००-७५० मिली परत देतं. निम्म्याच्या खाली देणारं मशीन कितीही देखणं असलं तरी सोडा. शेवटी फोमवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून तळहातानं दाबा. कागद ओलसर झाला तर ठीक, चिंब झाला तर नाही.

एका दुकानदारानं मला मशीन खोक्यातून काढून दाखवायलाच नकार दिला. "बाप्पा, मंग इकन कोन?" म्हणत मी जिन्यावरून खाली उतरलो.

नळी किती लांब ते बघा. मशीन जमिनीवर ठेवून नळी मागच्या सीटेच्या मधोमध पोचली पाहिजे. तीन रांगांच्या गाडीत दीड मीटरची नळी दर वेळी मशीन उचलायला लावते. टाकीचा खटका दहा वेळा उघडून-लावून बघा, पहिल्यांदा तोच तुटतो. आणि विचारा की नळी, सील, फिल्टर सुटे मिळतात का आणि सर्व्हिस सेंटर कुठं आहे. उत्तर "नागपूर" असेल तर आपल्याला एक अख्खा दिवस आणि जाण्यायेण्याचं भाडं धरावं लागतं. ऑनलाइन घ्यायचं असेल तर परत करायच्या मुदतीतच ही फोमची परीक्षा घरी उरकून टाका.

सातवी पायरी: पहिलं धुणं

दिवस निवडा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की, कापसाची वेचणी अंगावर येण्याआधीचे आठ-दहा दिवस सगळ्यात चांगले, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. भर मेमध्ये धुवायचं तर सावलीत, नाहीतर साबणाचं पाणी ओढायच्या आधीच वाळतं आणि कड धरते. झडीत तर नाहीच, माझं उदाहरण समोर आहे.

चटया बाहेर काढा. सीटा पूर्ण मागे सरकवा, खालचं सगळं काढा. आमच्या गाडीतून एकदा आठ रुपये, एक जोडवं आणि वाटाण्याएवढा मोड आलेला हरभरा निघाला होता. मग कोरडं ब्रशिंग आणि कोरडं ओढणं, यात घाई नको.

सीटेच्या खाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना ना पाणी लागू द्यायचं ना ओढून बघायचं. चालकाच्या शेजारच्या सीटेत कित्येक गाड्यांत माणूस बसल्याचा सेन्सर असतो, म्हणून तिथं पाणी अगदी बेतानं.

साबण थोडा. मशीनसोबतचं लिक्विड संपलं तर लिटरभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब बस्स. धुण्याची पावडर नको. तिचा फेस टाकीत चढतो, मोटरपर्यंत जातो, आणि कापडात उरलेला साबण पुढच्या आठवड्यात धूळ धरून ठेवतो. वेट अँड ड्राय असेल तर ओल्या कामाआधी कागदी नाहीतर कापडी फिल्टर काढून स्पंजचा बसवा. आतला तरंगता गोळा मोकळा हलतो ना, ते बोटानं बघा. टाकी भरली की मोटरकडे जाणारं पाणी तोच अडवतो.

एका वेळी दोन वितींचा पट्टा. फवारा, मऊ ब्रशनं हलकं घासा, ओढा. मग नुसत्या पाण्याचा एक फवारा आणि पुन्हा ओढणं. शेवटी फवारा न मारता तीन-चार वेळा सावकाश ओढत जा. तोंड हळू सरकवा, जोरात नाही. बहुतेक लोक इथंच कंटाळतात, आणि सीटेत राहिलेलं पाणी इथंच राहतं.

डागांचं एक-दोन ओळींत सांगतो. उलटी, दूध, रक्त असेल तर थंड पाणीच, गरम पाण्यानं त्यातली प्रथिनं कापडात पक्की होतात. तर्रीचं तेल सांडलं तर आधी बेसन पसरून तेल पिऊ द्या, मग धुवा. खर्ऱ्यात, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूत, चुना असतो आणि सुपारीचा रंग, त्यावर पाण्यात पातळ केलेला पांढरा व्हिनेगर लावला की डाग उतरतो, पण आधी सीटेच्या मागच्या बाजूला लपलेल्या जागी लावून बघा. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, त्याला घाबरू नका, हळदीतलं कर्क्युमिन क्षारात तसंच वागतं. साबण धुऊन काढा आणि तो भाग दोन-तीन दिवस थेट उन्हात ठेवा. ऊन हळदीचा रंग खातं. वर्ध्याकडच्या पाहुण्यांनी आणलेली वायगावची हळद आमच्या मागच्या सीटेवर फुटली होती, ती उन्हानंच गेली.

एक डाग मात्र मशीनचा नाही. गाडीत कीटकनाशकाची बाटली सांडली असेल तर त्यावर मशीन लावू नका. पाण्यासोबत ते फोममध्ये खोल जाईल आणि मशीनच्या हवेतून तुमच्या तोंडावर येईल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा, कोरडी माती टाकून औषध शोषू द्या, आणि ते कार्पेट काढून टाकून नवं बसवा. आणि हातपंप म्हणून घरातला फवारणीचा पंप कितीही धुतलेला असला तरी सीटेवर वापरू नका. कुंड्यांसाठी म्हणून नवा घेतलेला, नाव घालून वेगळा ठेवलेला पंपच चालतो.

आठवी पायरी: वाळवणं

ओल राहिली तर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. चारही दारं उघडी टाका. आमच्याकडे घरोघरी कूलर असतो, त्याचा पाण्याचा पंप बंद करून, टाकी रिकामी करून, नुसता पंखा गाडीच्या दारासमोर लावा. कार्पेटचा कोपरा उचलून खाली वीट सरकवा म्हणजे नमद्याला हवा लागते. आभाळ भरून आलं तर गाडी सुरू करून, काच बोटभर उघडी ठेवून एसी लावा, एसी हवेतली ओल काढतो. गाडी सुरू ठेवायची ती अंगणात, बंद शेडमध्ये नाही. संध्याकाळी सीटेवर कागद ठेवून गुडघ्यानं दाबा. कागद कोरडा निघाला तरच काचा लावा.

मशीनचंही असंच. दोन्ही टाक्या ओता, आरओच्या चांगल्या पाण्याचा एक फवारा नळीतून काढा, तोंडातले केस आणि कापसाचे धागे काडीनं सोडवा, टाक्या झाकण न लावता उन्हात पालथ्या ठेवा. नळी कोठ्यात जमिनीवर ठेवू नका. पहिल्या वर्षी मी ठेवली होती, सरकीच्या पोत्यांशेजारी, आणि संक्रांतीला काढली तर उंदरांनी तिला तीन ठिकाणी कुरतडलेलं. आता ती खिळ्याला टांगलेली असते, तोंड खाली करून, म्हणजे उरलेला थेंबही गळून जातो.